फुकटचं तळं: ओंटारियोच्या क्राउन लँडवरचा पहिला मुक्काम

ओंटारियोतल्या प्रांतिक पार्कांचं बुकिंग पाच महिने आधी, सकाळी सात वाजता उघडतं. जुलैतल्या मुक्कामासाठी फेब्रुवारीत, बाहेर काळोख आणि बर्फ असताना, लॅपटॉप मांडून बसायचं. सात वाजून दोन मिनिटांनी तळ्याकाठच्या चांगल्या जागा संपलेल्या असतात. दरवर्षी ओळखीतलं एक तरी कुटुंब या शर्यतीत हरतं आणि मग आमच्याकडे फोन येतो, "तुम्ही ते फुकटात तळ्यावर जाता, ते कसं असतं हो?"

प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागात नव्याने आलेल्यांसाठी हे आहे. तंबूत एकदोनदा झोपलेले, मासे गरवायची हौस असलेले, पण पार्काच्या कमानीबाहेर कधी न गेलेले लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

ओंटारियोची सुमारे ८७ टक्के जमीन क्राउन लँड आहे. नावाने ती राजाची, व्यवहारात प्रांत सरकारची, आणि तिचा बहुतेक भाग उत्तरेत. यातल्या बऱ्याच जमिनीवर कॅनडाच्या रहिवाशाला तंबू ठोकायला बुकिंग लागत नाही, पैसे लागत नाहीत. एका जागी एका कॅलेंडर वर्षात २१ दिवस राहता येतं.

पण इथे पैसे घेणारा कोणी नाही, तसा काम करणाराही कोणी नाही. नळ नाही, कचऱ्याचा डबा नाही, शेजारच्यांनी रात्री दोनला गाणी लावली तर तक्रार ऐकायला वॉर्डन नाही, पाय मुरगळला तर धावून येणारा नाही. पार्कात आपल्या पैशांतून जी कामं दुसरं कोणी करतं, ती सगळी इथे आपल्या अंगावर पडतात. त्यातली निम्मी घरीच, जेवणाच्या टेबलावर उरकायची असतात.

कोणाला फुकट, कोणाला नाही

इथेच लोक पहिल्यांदा चुकतात. कॅनडाचे नागरिक असाल, किंवा मागच्या १२ महिन्यांत किमान ७ महिने कॅनडात राहिला असाल, तर तुम्ही रहिवासी. पीआर (कायम रहिवासी) कार्ड खिशात आहे की नाही हा प्रश्नच नाही. सप्टेंबरात शिकायला आलेला मुलगा पुढच्या मेमध्ये या व्याख्येत बसलेला असतो. मेमध्ये लँड झालेलं कुटुंब त्याच उन्हाळ्यात बसत नाही.

आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा तर नाहीतच. फ्रेंच आणि मॅटावा या नद्यांच्या उत्तरेला क्राउन लँडवर राहायचं तर परदेशी पाहुण्यांना परमिट काढावं लागतं, माणशी दर रात्रीला साधारण १० डॉलर. वायव्य ओंटारियोत काही पट्टे असेही आहेत जिथे पाहुण्यांना मुक्कामच करता येत नाही.

मासेमारीच्या परवान्याचा हिशेब वेगळा. तिथे 'ओंटारियोचा रहिवासी' म्हणजे मागच्या १२ महिन्यांत सलग ६ महिने इथे राहिलेला. रहिवाशांपैकी १८ ते ६४ वयाच्यांना परवाना लागतो, त्याहून लहान आणि मोठ्यांना नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. बाबांचं वय ७० आहे म्हणून त्यांना माफ, असं समजू नका. ते पाहुणे आहेत, त्यांना पाहुण्यांचा परवाना काढावा लागेल.

तुमच्यासाठी आधी आउटडोअर्स कार्ड (सरकारी ओळखपत्र, तीन वर्षं चालतं) आणि त्यावर फिशिंग लायसन्स. लायसन्स दोन प्रकारचं: स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. दुसरं स्वस्त असतं आणि त्यात घरी न्यायच्या माशांची संख्या कमी असते. नवख्याने बिनधास्त कॉन्झर्व्हेशन घ्यावं. पहिल्या वर्षी माशांची मर्यादा ओलांडण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

वर्षातून काही दिवस परवान्याशिवायही गरवता येतं: फेब्रुवारीतला फॅमिली डेचा वीकएंड, मदर्स डे आणि फादर्स डेचे वीकएंड, आणि जुलैच्या सुरुवातीचा आठवडा. हौस खरी आहे की नुसती हुक्की, हे तपासायला हे दिवस बरे. मात्र ही सवलतही कॅनडाच्या रहिवाशांपुरतीच आहे.

नकाशा: यात घाई नको

क्राउन लँड यूज पॉलिसी ॲटलस नावाचा सरकारी नकाशा ऑनलाइन फुकट आहे. दिसायला किचकट आहे, पण जागा निवडताना तोच प्रमाण. तळं शोधायचं, काठावरच्या तुकड्यावर क्लिक करायचं, की त्या जमिनीचा प्रकार आणि तिथे काय चालतं याचा अहवाल उघडतो. 'जनरल यूज एरिया' किंवा 'एन्हान्स्ड मॅनेजमेंट एरिया' असेल तर बहुधा काम झालं. 'प्रोव्हिन्शियल पार्क' लिहिलं असेल तर तिथे पार्काचे नियम लागू, मग कमान नसो की ऑफिस नसो. अहवालच उघडत नसेल तर जमीन खाजगी धरून चाला.

हे इतकं सांगतोय कारण माझ्या दुसऱ्याच वर्षी मी फोनमधल्या साध्या नकाशावर हिरवा रंग बघून एका तळ्यावर गेलो होतो. तंबू लावला, चहा ठेवला, आणि झाडांमागून एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले. जमीन त्यांची. चिडले नाहीत, उलट चहा घेतला आणि सरकारी जमीन कुठून सुरू होते ते दाखवलं. पण अंधार पडता पडता सगळं बिऱ्हाड उचलून हलवावं लागलं, आणि घरच्या मंडळींनी तो किस्सा पुढे प्रत्येक पंगतीत सांगितला.

दुसरा नकाशा फिश ऑन-लाइन. हाही सरकारी आणि फुकट. तळ्यावर क्लिक केलं की तिथे कोणते मासे आहेत, सरकारने मत्स्यबीज सोडलं आहे का, ते कळतं. बऱ्याच तळ्यांची खोलीही दिसते. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी उघडून बसा. जमीन सरकारी, तळ्यात मासे, आणि काठापासून थोड्या अंतरावर जंगलातला रस्ता: या तीन गोष्टी जिथे जुळतात त्या जागांची यादी करा. किमान तीन तरी हव्यात. पहिली जागा भरलेली निघते, दुसरीचा रस्ता वाहून गेलेला असतो.

टोरांटोच्या जवळ, म्हणजे कवार्था किंवा हॅलिबर्टनच्या बाजूला, क्राउन लँड तुकड्यातुकड्यांत आहे आणि त्या तुकड्यांवर अर्ध्या शहराचा डोळा. मोकळं तळं हवं असेल तर नॉर्थ बेच्या पुढे जायची तयारी ठेवा. मी नवख्यांना टेमागामी सांगतो. टोरांटोहून साधारण ४५० किलोमीटर, हायवे ४०० आणि पुढे ११ धरून पाचएक तास. लेक टेमागामीत हजाराहून जास्त बेटं आहेत, किनारा हातापायाच्या बोटांसारखा पसरलेला आहे, आणि वॉलआय, पाइक, स्मॉलमाउथ बास, लेक ट्राउट असे सगळे मासे आहेत. कॉटेजेस बहुतेक बेटांवर, म्हणजे बेट निवडताना आधी ॲटलस बघायचा. याच भागात प्रांतिक पार्कंही आहेत, तिथे परमिट लागतं. सीमा नीट बघा. टेमागामीचं नाव उघड सांगतो कारण ते सगळ्यांना माहीत आहे. माझं स्वतःचं तळं कुठलं ते विचारू नका. गरवणारा माणूस ते सांगत नाही, आणि सांगितलंच तर खोटं सांगतो.

या जमिनीबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी. सरकारदप्तरी ती क्राउन लँड असली तरी टेमे-ऑगामा अनिशनाबाई लोकांसाठी हा सगळा मुलूख न'डाकी मेनान, म्हणजे 'आमची भूमी'. जमिनीचा त्यांचा दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९९१ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. त्याआधी १९८९ मध्ये इथल्या जुन्या पाइन वृक्षांच्या तोडीविरुद्ध रेड स्क्विरल रोडवर नाकेबंदी झाली होती. पुढच्याच वर्षी ओंटारियोचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) झालेले बॉब रे तेव्हा तिथे अटकेत गेले होते. तळ्यातलं बेअर आयलंड ही टेमागामी फर्स्ट नेशनची वस्ती आहे. तिथे परवानगीशिवाय तंबू लावायचा नाही.

कधी जायचं

थोडक्यात: पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य एवढंच धरावं.

मेमध्ये बर्फ वितळतो, वॉलआयचा मोसम बऱ्याच झोनमध्ये (मासेमारीच्या सरकारी विभागांत) मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, आणि जाणकार तेव्हाच जातात. पण त्याच सुमारास ब्लॅकफ्लाय नावाच्या बारीक माश्या निघतात. डासासारख्या त्या टोचत नाहीत, कातडी कापतात. कानामागे, केसांच्या रेषेवर, मोज्याच्या कडेला. मी पहिल्यांदा मेच्या अखेरीला गेलो आणि सोमवारी ऑफिसात डावा डोळा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत हजर झालो. जूनभर त्या असतात, त्यांच्या जोडीला डास, मग जुलैत डिअरफ्लाय, म्हणजे मोठ्या चावऱ्या माश्या. डोक्यावरची जाळी आणि २० टक्के आयकॅरिडिनचा, किडे दूर ठेवणारा स्प्रे घेऊन लोक जातात, जाता येतं. पण लहान मुलांना घेऊन पहिलाच मुक्काम त्यात करू नये.

ऑगस्टअखेरीस पाणी पोहण्याजोगं, किडे जवळपास संपलेले, रात्री गारठा. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की तळीही रिकामी होतात. शरदात शिकारीचे मोसम सुरू होतात, म्हणून डोक्यावर भडक नारिंगी टोपी ठेवा. हरणाच्या रंगाचं जॅकेट घालून झुडपात फिरू नका.

निघायच्या आधीची रात्र

एका भरवशाच्या माणसाला लेखी द्या: गाडीचा नंबर, गाडी कुठे लावणार, तळ्याचं नाव, कोणत्या काठाला तंबू, सोबत कोण, आणि कधी परत येणार. शेवटी एक ओळ: "रविवारी रात्री नऊपर्यंत माझा फोन आला नाही तर ओपीपीला कळव." ओपीपी म्हणजे ओंटारियो प्रोव्हिन्शियल पोलीस. हा माणूस सोबत येणारा नसावा, हे सांगायची गरज पडू नये. पण एकदा आमच्यात ती पडली होती.

हायवे सोडला की फोन बहुतेक ठिकाणी निकामी. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवता येतो, तो कसा पाठवायचा हे घरीच शिकून घ्या. वारंवार जाणार असाल तर गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यावं. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक कागदावर छापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

त्याच रात्री, आणि पुन्हा सकाळी, वणव्यांचा सरकारी नकाशा उघडून 'रिस्ट्रिक्टेड फायर झोन' लागू आहे का ते बघा. लागू असेल तर शेकोटी अजिबात नाही, फक्त गॅसचा स्टोव्ह. म्हणून स्टोव्ह नेहमी न्यायचाच. शेकोटीवर भाकरी भाजू, असल्या भरवशावर निघू नका.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या घरात कोरड्या शिध्याची कमतरता नसते: भाजणी, पोहे, सातू, मेतकूट, लाडू. फक्त सुके बोंबील आणि लसणाची चटणी घरी ठेवा. अस्वलाला दोन्हीचा वास मैलभरावरून लागतो, आणि तंबूतल्या सोबत्यांना त्याहून लवकर.

रस्ता

हायवेनंतरचा रस्ता लाकूड वाहून नेणाऱ्या ट्रकांसाठी केलेला असतो. खडीचा, अरुंद, वळणावर समोरचं न दिसणारा. ट्रक दिसला की बाजूला व्हायचं. त्याला थांबता येत नाही. टाकी पूर्ण भरून घ्या, खरा स्पेअर टायर आहे का ते बघा (पुष्कळ नव्या गाड्यांत तो नसतोच), आणि दिवसाउजेडी पोचा. एका वर्षी शेवटच्या चार किलोमीटरवर रस्त्याखालून ओढा नेणारा पाइप वाहून गेलेला होता. रात्रीचे नऊ वाजलेले, मागे वळायला जागा नाही. रात्र गाडीत काढली. तेव्हापासून दुपारी तीनच्या आत पोचायचं, हा आमच्या घरचा कायदा.

गाडी लावताना रस्ता किंवा बोट उतरवायची जागा अडवू नका. 'नो कॅम्पिंग'ची पाटी असेल तर वाद न घालता पुढचं ठिकाण गाठा. क्राउन लँडवरही सरकार काही जागा बंद ठेवतं.

खरी शांत जागा गाडी जाते तिथे नसते, कनूने (वल्ह्याच्या हलक्या होडीने) अर्धा तास वल्हवल्यावर असते. कनू त्या भागातल्या आउटफिटरकडून (सहलीचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून) भाड्याने मिळते, तेच गाडीच्या टपावर बांधूनही देतात. प्रत्येकाला लाइफ जॅकेट बोटीत असणं कायद्याने सक्तीचं आहे. ते अंगात घालणं मोठ्यांना सक्तीचं नाही, पण घाला. कोकणात लहानपणी पोहायला शिकलो म्हणून मला काय होणार, असं म्हणणाऱ्यांना मेमधलं इथलं पाणी एकदा दाखवायला हवं, श्वासच अडकतो. शिट्टी, पाणी उपसायचा डबा आणि १५ मीटरचा तरंगणारा दोरही बोटीत लागतो. वारा बहुधा दुपारी वाढतो, तेव्हा मोठं पाणी सकाळीच ओलांडा आणि काठाकाठाने चला.

जागा, शेकोटी, अस्वल

जुनी वापरातली जागा शोधा. सपाट खडक, दगडांचं काळं पडलेलं कडं, तंबूपुरती मोकळी माती. नवी जागा झाडं तोडून करायची नाही. तंबू लावायच्या आधी वर बघा: वाळलेलं, झुकलेलं झाड वाऱ्यात कोसळतं, आणि दरवर्षी अशी झाडं पडतात.

शेकोटीचे ओंटारियोचे नियम मोजून दिलेले आहेत. उघड्या खडकावर किंवा न जळणाऱ्या जमिनीवर. भोवती किमान १ मीटर मोकळं. ज्वाळेच्या टोकापासून वरच्या फांदीपर्यंत किमान ३ मीटर. आग १ मीटरपेक्षा उंच नाही, रुंद नाही. इथल्या जंगलातली जमीन मातीची वाटते, पण वरचा थर पानामुळ्यांचा असतो आणि तो आतून धुमसतो. वर विझलेली आग दोन दिवसांनी दहा फुटांवर निघू शकते. म्हणून पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून ओता. लाकूड घरून नेऊ नका, त्यातून झाडांचे किडे पसरतात. पडलेलं वाळकं लाकूड तिथेच मिळतं.

काळं अस्वल या मुलखात आहेच. बहुधा ते दिसणारही नाही, पण जेवणाची पिशवी मिळाली की ते दर रात्री येतं आणि शेवटी गोळीला बळी पडतं. खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, सगळं एका पिशवीत घालून तंबूपासून लांब, जमिनीपासून ४ मीटर उंच आणि खोडापासून ३ मीटर दूर लटकवा. हे उजेडात करा. अंधारात दगडाला दोरी बांधून फांदीवर फेकण्याचा खेळ आम्ही पाऊण तास खेळलो आहोत. अस्वल समोर आलंच तर पळायचं नाही. आवाज करत, त्याच्याकडे बघत, हळूहळू मागे सरकायचं. अंगावर आलं तर मेल्याचं सोंग करू नका, झगडा.

पहिल्या रात्री तळ्यावरून बाईच्या रडण्यासारखा, मग वेड्यासारख्या हसण्याचा आवाज येईल. तो लून पक्षी. एक डॉलरच्या नाण्यावर जो कोरलाय, तोच. आमच्या सौ.ने पहिल्यांदा ऐकल्यावर गाडीची किल्ली मागितली होती.

टेमागामीसारख्या भागात काही जागांच्या मागे थंडरबॉक्स, म्हणजे उघड्यावरचा संडास असतो: झाकणाची लाकडी पेटी, खाली खड्डा, भोवती भिंती नाहीत. नसेल तर छोटं खुरपं घेऊन पाण्यापासून ६०-७० पावलं आत, वीतभर खोल खड्डा. भांडीही तळ्यात घासायची नाहीत. पाणी भरून आत न्या आणि तिथे घासा. पिण्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळून मिनिटभर उकळा, नाहीतर फिल्टर वापरा. जिआर्डिया (पोट बिघडवणारा परजीवी) झाला तर परतीचे पाच तास फार लांब वाटतात.

आता मासे

ओंटारियोचे २० मत्स्य झोन आहेत आणि प्रत्येकाचे मोसम, मर्यादा वेगळ्या. टेमागामी झोन ११ मध्ये येतं. सरकारी पुस्तिकेत झोनचा तक्ता बघायचा आणि त्याखालची अपवादांची यादीही, कारण काही तळ्यांचे नियम निराळे असतात. उदाहरणार्थ, बऱ्याच झोनमध्ये वॉलआय स्पोर्ट लायसन्सवर ४, कॉन्झर्व्हेशनवर २, आणि लांबीचीही अट. म्हणून टेप जवळ ठेवा. सर्वसाधारणपणे एका माणसाला एकच गळ.

जिवंत आमिष म्हणून छोटे मासे किंवा जळवा एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर बंदी आहे. त्या भानगडीत पडू नका. नवख्याला मऊ प्लास्टिकचे जिग (वजनदार डोक्याची गरी) आणि एखादा चकाकणारा स्पून (धातूचं खोटं आमिष) पुरतो.

वॉलआयला इथे पिकरेलही म्हणतात. त्याचे डोळे अंधुक उजेडासाठी बनलेले असतात, म्हणून भर दुपारी तो खोल जातो आणि संध्याकाळी उथळ खडकांकडे येतो. सूर्य झाडांवर टेकला की पाव औंसाचा जिग खडकाळ टोकाच्या कडेला सोडा, तळाला टेकू द्या, मग हलकेच उचला, पुन्हा टेकवा. तो हिसका मारत नाही, नुसता जड होतो. गवतात अडकल्यासारखं वाटेल. पाइक मात्र शेवाळाच्या पट्ट्यात दबा धरून असतो आणि स्पूनवर तुटून पडतो. त्याच्या दातांना दोरा टिकत नाही, म्हणून पुढे स्टीलची लीडर (तारेचा तुकडा) हवी. लांब चोचीचा पक्कड विसरू नका. पाइकच्या तोंडातून गरी बोटांनी काढायला गेलेला माणूस ती चूक दुसऱ्यांदा करत नाही. बास खडकाळ किनाऱ्याला दिवसाही लागतो, मुलांना गरवायला शिकवायला तोच उत्तम. त्याचा मोसम बऱ्याच ठिकाणी जूनच्या उत्तरार्धात उघडतो.

खायचं काय? वॉलआय. पांढरं, घट्ट, गोडसर मांस, काटे कमी. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ, रव्यात घोळवून तव्यावर. इकडचे लोक तळ्याकाठच्या या जेवणाला शोअर लंच म्हणतात आणि त्याची मोठी कौतुकं सांगतात. आगळ चाखलं तर आणखी सांगतील. पाइक चवीला वाईट नाही, पण त्याच्या पाठीत इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात. पाला (हिल्सा) मासा काटे काढत खाणाऱ्या घरातले असाल तर हरकत नाही.

मोठा मासा सोडून द्या. त्याची अंडी जास्त, आणि त्यात पाराही जास्त. 'गाइड टू ईटिंग ओंटारियो फिश' या सरकारी मार्गदर्शिकेत तळ्याप्रमाणे, माशाप्रमाणे, लांबीप्रमाणे महिन्याला किती वेळा खावा ते दिलेलं असतं. पंधरा वर्षांखालची मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी आकडा वेगळा आणि कडक. घरात लहान मुलं असतील तर हे आधी बघा.

मासा तंबूजवळ साफ करायचा नाही. आतडी, खवलं पिशवीत घट्ट बांधून अन्नाबरोबर लटकवायची आणि परत न्यायची. घरी मासे न्यायचे असतील तर तुकडे करून एका डब्यात कोंबू नका: अधिकाऱ्याला मासा कोणता, किती, आणि जिथे लांबीची अट आहे तिथे केवढा, हे ओळखता आलं पाहिजे. तुकड्याला थोडं कातडं राहू द्या. अधिकारी वाटेत गाडी थांबवतात, सभ्यपणे विचारतात आणि बर्फाची पेटी उघडायला लावतात.

निघताना

कचरा सगळा परत. आधीच्या कोणी सोडलेला असेल तर तोही, जमेल तितका. शेकोटीतून न जळलेली फॉइल काढा, ती नेहमी सापडते.

कनू किंवा बोट गाडीवर चढवायच्या आधी तिच्यावरचं शेवाळ, गवत, चिखल पुसून काढा आणि आतलं पाणी ओतून टाका. एका तळ्यातली आगंतुक वनस्पती दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून २०२२ पासून हे कायद्याने बंधनकारक आहे. बूट आणि गरी-दोऱ्यालाही एकदा झटका मारा. मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे टिक (गोचीड) चिकटलेली नाही ना ते बघा.

मग खडीचा रस्ता, ट्रक, धूळ. हायवेला लागून फोनवर पहिली रेघ उमटली की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि त्या भरवशाच्या माणसाला सांगा, बाहेर आलो. एकदा आम्ही टिम हॉर्टन्सची कॉफी आधी घेतली आणि फोन नंतर केला. पलीकडे तो ओपीपीचा नंबर फिरवायच्या बेतात होता.